इंजेक्शन थांबलं की खोकला परत: डुकरांच्या शेडमधल्या न हटणाऱ्या न्यूमोनियाचा माग

"डॉक्टर, इंजेक्शनं चालू असतात तोवर शांत असतात. बंद केली की आठ-दहा दिवसांत परत ढास सुरू."

निफाड तालुक्यातल्या एका अण्णांचं हे वाक्य. त्यांच्याकडे २० माद्या, लार्ज व्हाइट यॉर्कशायरचा संकर, आणि कायम शंभर-सव्वाशे वाढती डुकरं. तीन हिवाळे हाच प्रकार चालला होता. मर फार नव्हती. पण जे डुक्कर सात महिन्यांत नव्वद किलोला यायला हवं, ते नवव्या महिन्यापर्यंत नुसतं खात बसायचं, आणि एकाच वयाच्या बारा डुकरांत चार मोठी, चार मध्यम, चार खुरटी दिसायची. हीच तक्रार मला दर थंडीत पाच-सहा शेडमधून ऐकू येते, म्हणून तपासायचं कसं आणि तोडायचं कुठे, हे एकदा सविस्तर लिहितोय.

प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "कोणतं इंजेक्शन मारू?" माझ्या मते तो चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: खोकला कोणत्या वयात सुरू होतो? दुसरा: फुफ्फुसाचा कोणता भाग खराब झालाय? तिसरा: हा जंतू लहानांना कोण देतंय? या तिघांची उत्तरं मिळाली की इंजेक्शनचं उत्तर बरंचसं आपोआप येतं.

सगळ्यात आधी, हा साधा न्यूमोनियाच आहे ना?

एकदम सगळ्या वयाची डुकरं आजारी पडली, ताप १०५-१०६ फॅरनहाइटच्या वर गेला, कान, पोट, मांड्यांची कातडी लाल-जांभळी झाली, माद्या गाभडायला लागल्या, दोन-चार दिवसांत पटापट मरायला लागली, तर हा लेख बाजूला ठेवा. आफ्रिकन स्वाइन फिव्हर २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशातून देशात पहिल्यांदा नोंदला गेला आणि त्यानंतर बऱ्याच राज्यांत पोचला. त्यावर इलाज नाही. अशा वेळी मेलेलं डुक्कर उघडायचं नाही, कारण रक्त सांडलं की रोग पसरतो. एकही जनावर शेडबाहेर जाऊ द्यायचं नाही आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवायचं. कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. आपला साधा स्वाइन फिव्हरही असाच दिसू शकतो, पण त्याची लस आहे. ती वेळेवर टोचलेली नसेल तर खोकल्याच्या मागे लागण्याआधी ते काम करा.

दुसरी शंका जंतांची. मातीत मोकळ्या फिरणाऱ्या डुकरांत गोल जंतांच्या अळ्या यकृतातून फुफ्फुसात जातात आणि तिथे खोकला उठवतात. कापल्यावर यकृतावर पांढरे, दुधाळ ठिपके दिसले तर तेच. गांडुळं खाणाऱ्या डुकरांत फुफ्फुसातले बारीक, दोऱ्यासारखे जंतही सापडतात. फुफ्फुसाच्या मागच्या पाळीच्या टोकाची श्वासनळी कात्रीने उघडली की डोळ्यांनी दिसतात. मी एका शेडवर चार महिने प्रतिजैविकं चालू असलेली पाहिलीत जिथे खरी गरज जंतनाशकाची होती.

खोकला ऐका, आणि वय लिहा

सकाळी चारा टाकायच्या आधी कप्प्यात जा. टाळी वाजवून सगळी डुकरं उठवा. एक मिनिट थांबा, मग घड्याळ लावून तीन मिनिटं खोकले मोजा. शिंका वेगळ्या मोजा. कप्प्यात डुकरं किती, वय किती आठवडे, हे भिंतीवर खडूने लिहून ठेवा. दर आठवड्याला त्याच वेळी. महिन्याभरात भिंत बोलायला लागते.

दूध पिणाऱ्या किंवा नुकतं दूध तोडलेल्या पिल्लांत शिंका जास्त, डोळ्यांखाली काळपट ओघळ, कधी नाकातून रक्त, आणि काही आठवड्यांनी नाकाड वाकडं किंवा आखूड झालेलं दिसतं. हा नाकाच्या आतली हाडं झिजवणारा आजार. बोर्डेटेला आणि विष तयार करणारा पाश्चुरेला मिळून तो करतात. आपल्याकडच्या लहान शेडमध्ये मला तो कमी भेटतो, म्हणून इथे एवढंच.

चार ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत ताप, सांधे सुजलेले, लंगडणं, अंगावरचे केस उभे, आणि खोकल्यापेक्षा दुखणं जास्त असेल, तर ग्लेसरेला पॅरासुइस डोळ्यासमोर आणा. पुस्तकांत याचं नाव हिमोफिलस पॅरासुइस असं सापडेल, तोच हा. उघडल्यावर छाती, पोट आणि हृदयावरच्या पडद्यांवर अंड्याच्या ऑम्लेटसारखे पिवळट पापुद्रे दिसतात. याच वयात स्ट्रेप्टोकॉकस सुइसही येतो. तो मान वाकडी करतो, पिल्लू आडवं पडून पाय झाडतं. हा जंतू माणसालाही लागतो, मेंदूच्या आवरणाचा ताप आणतो, बहिरेपणही. हाताला कापलेलं असेल तर हातमोज्याशिवाय अशा पिल्लाला हात लावू नका, हे मी कळकळीने सांगतो.

दहा आठवड्यांच्या पुढे कोरडी, न थांबणारी ढास असते. डुक्कर पाठ वाकवून, मान खाली घालून सात-आठ वेळा खोकतं आणि मग परत चरायला लागतं. ताप नाही किंवा किरकोळ. मर नाही. फक्त वाढ नाही. हा मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए. निफाडच्या अण्णांकडे हेच होतं.

आणि बारा ते वीस आठवड्यांत, संध्याकाळपर्यंत चांगलं असलेलं डुक्कर सकाळी मेलेलं सापडलं, नाकातोंडाशी रक्ताळ फेस, बाकीची एक-दोन कुत्र्यासारखी ढुंगणावर बसून, पुढचे पाय रोवून, तोंड उघडून धापा टाकतायत, ताप १०६, तर हा ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनिए. इथे थांबून विचार करायला वेळ नसतो. तासाभरात डॉक्टर आणि सुई लागते.

खऱ्या शेडमध्ये हे सगळे असे वेगवेगळ्या कप्प्यांत बसत नाहीत. मायकोप्लाझ्मा श्वासनळीच्या आतली केसाळ झालर मोडतो. ती झालरच घाण आणि जंतू वर ढकलत असते. ती मोडली की नाकात एरवी गप्प बसलेला पाश्चुरेला खाली उतरतो आणि कोरडा खोकला पूवाळ होतो. त्यात पीआरआरएस (माद्या गाभडवणारा आणि फुफ्फुसं बिघडवणारा) किंवा सर्कोव्हायरससारखा विषाणू असेल तर अजून वाईट. म्हणून "माझ्याकडे फक्त पाश्चुरेला निघाला" असा रिपोर्ट आला की मी कधीच तिथे थांबत नाही. पाश्चुरेलाला दार कोणी उघडून दिलं, ते शोधायचं असतं.

फुफ्फुस बघितल्याशिवाय औषध बदलू नका

याचा सगळ्यांत जास्त कंटाळा केला जातो. पण अर्ध्या तासाचं हे काम सहा महिन्यांची इंजेक्शनं वाचवतं.

मेलेलं डुक्कर चार-पाच तासांच्या आत उघडलं पाहिजे, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. रात्री मेलेलं सकाळी दहाला उघडलं तर सगळंच काळंनिळं दिसतं आणि काहीच कळत नाही. मर नसेल तर कापायला जाणाऱ्या डुकरांबरोबर जा. फुफ्फुसं तिथे बहुतेक फेकूनच देतात. एका लॉटची आठ-दहा बघितली तरी चित्र उभं राहतं.

निरोगी फुफ्फुस गुलाबी, स्पंजासारखं, दाबलं की परत फुगणारं. मायकोप्लाझ्माचं नुकसान पुढच्या आणि खालच्या पाळ्यांना, म्हणजे हृदयाच्या आजूबाजूला असतं: जांभळट किंवा राखाडी, मांसासारखा घट्ट भाग, निरोगी भागापासून रेष ओढल्यासारखा वेगळा. त्याचा तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. निरोगी तुकडा तरंगतो, हा बुडतो. कापून दाबल्यावर पू आला तर वरून पाश्चुरेला किंवा दुसरा कोणी बसलाय.

ॲक्टिनोबॅसिलस मागच्या मोठ्या पाळीला, पाठीच्या बाजूला धरतो. गडद लाल-काळी, उंचावलेली, कडक गाठ, वर पापुद्रे, आणि फुफ्फुस बरगड्यांना असं चिकटलेलं की ओढून काढताना फाटतं. कापणारे लोक हे रोज बघतात. त्यांना विचारा, "या लॉटची फुफ्फुसं चिकटलेली होती का?" ते खरं सांगतात.

एक सावधगिरी. मायकोप्लाझ्माच्या जखमा दोन-तीन महिन्यांत भरत येतात. डुकराला चौथ्या महिन्यात त्रास झाला असेल आणि नवव्यात कापलं, तर फुफ्फुस जवळजवळ स्वच्छ दिसेल, फार तर आखडलेले व्रण. म्हणजे आजार नव्हता असं नाही. भिंतीवरचे खडूचे आकडे इथे कामाला येतात.

नमुना पाठवायचा तर

सगळ्यांत वाईट नमुना म्हणजे महिनाभर औषधं खाल्लेल्या, खंगून मेलेल्या डुकराचा. तिथे जंतू उगवत नाही, आणि रिपोर्ट "काही नाही" असा येतो. नुकतं आजारी पडलेलं, औषध न दिलेलं डुक्कर हवं. खराब आणि चांगल्या भागाच्या सीमेवरचा तुकडा घ्यायचा, स्वच्छ पिशवीत, बर्फाच्या पॅकमध्ये, पण गोठवायचा नाही. दुसरा पातळ तुकडा दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट फॉर्मलिन. मायकोप्लाझ्मा साध्या प्लेटवर उगवत नाही, त्याला पीसीआर, म्हणजे जंतूची जनुकं शोधणारी चाचणी, मागावी लागते, आणि जिवंत डुकरात नाकातल्या कापसाच्या बोळ्यापेक्षा घशातून खाली श्वासनळीत घातलेला बोळा कितीतरी जास्त विश्वासाचा. ग्लेसरेला आणि ॲक्टिनोबॅसिलसलाही खास माध्यम लागतं, म्हणून पाकिटावर कशाचा संशय आहे ते ठळक लिहा. पुण्यात औंधला राज्याचा पशुरोग अन्वेषण विभाग आहे, मुंबई आणि नागपूरची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांमार्फत, आधी फोन करून पाठवा. शनिवारी दुपारी कुरिअर केलेला नमुना सोमवारी सडलेला पोचतो.

औषध का "लागू पडत नाही"

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीला लागल्यावर सुरुवातीच्या वर्षांत मी अशाच कोरड्या खोकल्याच्या शेडला अमॉक्सिसिलिन दिलं, दोनदा. मायकोप्लाझ्माला पेशीची भिंतच नसते, आणि पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफ्टिओफर ही औषधं भिंत पाडूनच जंतू मारतात. जिथे भिंत नाही तिथे ती पाडणार काय? वरचा पाश्चुरेला दबला, चार दिवस बरं वाटलं, खालचा मायकोप्लाझ्मा तसाच. त्या शेतकऱ्याचे पैसे गेले, वेळ गेला. मला ते अजून लागून आहे.

मायकोप्लाझ्मावर टियाम्युलिन, टायलोसिनच्या कुळातली औषधं, डॉक्सिसायक्लिन-ऑक्सिटेट्रासायक्लिन, लिंकोमायसिन ही चालतात. उलट ॲक्टिनोबॅसिलसच्या जोरदार झटक्यात पेनिसिलिन, सेफ्टिओफर, फ्लोरफेनिकॉल यांतलं संवेदनशीलता चाचणीत (कोणत्या औषधाने जंतू मरतो ते बघणाऱ्या) जे लागू ठरतं ते, आणि तेही सुईनेच. धापा टाकणारं डुक्कर खात नाही, मग खाद्यातलं औषध त्याच्या पोटात जाणार कसं? एका कप्प्यात एक मेलं आणि दोन धापतायत, तर त्या कप्प्यातल्या सगळ्यांना टोचावं लागतं. औषध कोणतं, मात्रा किती, हे तुमच्या डॉक्टरांनी जनावर बघून ठरवायचं. मी इथे मात्रा मुद्दाम लिहीत नाही.

पण एक धोका लिहायलाच हवा. बरेच जण स्वस्त पडतं म्हणून ब्रॉयलर कोंबडीचं खाद्य डुकरांना घालतात. त्यात रक्ती हगवणीसाठी सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असू शकतं. अशा खाद्यावर असलेल्या डुकरांना टियाम्युलिन दिलं तर खाद्यातलं ते औषध शरीराबाहेर पडत नाही, विषबाधा होते, डुकरं मागच्या पायांतून जातात आणि मरतात. पोत्यावरचं लेबल वाचा, डॉक्टरांना दाखवा, मगच टियाम्युलिनला हात लावा.

दुसरं, वजन. "पन्नासेक किलोचं असेल" असं म्हणून ऐंशी किलोच्या डुकराला पन्नासची मात्रा जाते. टेप घ्या. पुढच्या पायांमागे छातीचा घेर मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा. मग दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीने गुणा, आणि शेवटी ६९.३ ने. घेर ०.९० आणि लांबी ०.९५ असेल तर ५३ किलो. अंदाजापेक्षा कितीतरी बरं.

तिसरं, पाणी. टेट्रासायक्लिन कुळातली औषधं कॅल्शियमला चिकटतात आणि वाया जातात. बोअरचं जड पाणी असेल तर टाकीच्या तळाशी पांढरा साका बसलेला दिसतोच. अशा ठिकाणी पाण्यातून ती देण्यात अर्थ नाही. आणि दुसऱ्या दिवशी बरं दिसलं म्हणून तिसऱ्या दिवशी बंद, हे तर सगळीकडेच. सांगितलेले सगळे दिवस पुरे करा, आणि शेवटच्या मात्रेनंतर लेबलवर लिहिलेले दिवस ते डुक्कर कापायला देऊ नका. ते मांस कोणाच्या तरी घरी पोरंबाळं खाणार असतात.

मग परत का येतो?

कारण शेड कधी रिकामी होत नाही.

मायकोप्लाझ्मा भिंतीवर, जमिनीवर फार टिकत नाही. सुकलं की मरतो. ॲक्टिनोबॅसिलसचंही तसंच. त्यांचं घर म्हणजे जिवंत डुक्कर: एकाच्या श्वासनळीत, दुसऱ्याच्या टॉन्सिलमध्ये. खोकला थांबलेलं डुक्करही सात-आठ महिन्यांपर्यंत मायकोप्लाझ्मा बाहेर टाकत राहू शकतं. औषधाने खोकला जातो, जंतू राहतो. म्हणून फिनेल आणि चुन्यावर हजारो रुपये घालणाऱ्या पण पाच महिन्यांच्या डुकरांशेजारी दोन महिन्यांची ठेवणाऱ्या शेडमध्ये खोकला हटत नाही. मी तरी हटलेला पाहिला नाही.

अण्णांकडे माद्या वर्षभर जशा माजावर येतील तशा भरवल्या जायच्या. दर आठवड्याला कोणीतरी व्यायलेली. मग पिल्लं कप्प्यात जागा असेल तिथे जायची, खुरटी राहिलेली मोठी डुकरं खालच्या लॉटमध्ये ढकलली जायची, "बरोबरीने खातील" म्हणून. खुरटी म्हणजेच सर्वांत जास्त आजारी. म्हणजे दर महिन्याला आम्ही स्वतःच्या हाताने जंतू लहानांत सोडत होतो.

बदल असा केला. २० माद्यांचे पाच-पाचचे चार गट. एका गटाची पिल्लं एकाच दिवशी दुधावरून तोडायची, म्हणजे माद्या आठवड्याभरात एकत्र माजावर येतात. गाभणकाळ ११४ दिवस, दूध पाजणं ३५, माजावर यायला पाच-सहा, मिळून साधारण १५५ दिवसांचं चक्र, म्हणजे दर साडेपाच आठवड्यांनी एक गट वितो. प्रत्येक गटाची पिल्लं स्वतःच्या कप्प्यांत जातात आणि विक्रीपर्यंत दुसऱ्या गटाला भेटत नाहीत. कप्पा रिकामा झाला की शेण काढून, साबणाने धुऊन, वाळवून, मग जंतुनाशक, आणि पाच ते सात दिवस कोरडा. वाढीत मागे राहिलेलं डुक्कर त्याच्याहून लहान वयाच्या गटात कधीही नाही. त्याला आजारी कप्प्यात किंवा कापायला. अण्णांना हे शेवटचं फार जड गेलं. खरंच जड जातं, हाताने वाढवलेलं जनावर असतं.

काम करणाऱ्याने सकाळी आधी लहान पिल्लांकडे जायचं, मग मोठ्यांकडे, आजाऱ्यांकडे शेवटी. नवी मादी किंवा नर आणला तर वेगळ्या जागी, आणि महिना अपुरा आहे, सहा ते आठ आठवडे ठेवा, कारण मायकोप्लाझ्मा दिसायला वेळ घेतो. गावात नर फिरवायची पद्धत असेल तर ती बंद करा. या एका गोष्टीवरून मी शेतकऱ्यांशी भांडलोय. पहिलटकर माद्यांची पिल्लं आईकडून जास्त जंतू घेतात, त्यांना शक्य तर वेगळं वाढवा.

हवा

निफाडची थंडी सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबरात रात्री पारा पाच-सहावर आणि दुपारी पंचवीसच्या पुढे. अण्णा संध्याकाळी चारही बाजूंनी गोणपाट बांधून टाकायचे. मी सकाळी सहाला आत जाऊन डुकराच्या नाकाच्या उंचीवर उकिडवा बसलो, मिनिटभरात डोळ्यांतून पाणी आलं. उभ्याने कळत नव्हतं. अमोनिया डुकराच्या श्वासनळीतल्या त्याच झालरीला मारतो जी मायकोप्लाझ्मा मारतो, दोघं मिळून काम फत्ते करतात. उपाय साधा आहे: गोणपाट खालून तीन-साडेतीन फूट घट्ट, वरची पट्टी आणि छपराखालची फट कायम उघडी. थंड झोत अंगावर नको, पण वास वरून निघून गेला पाहिजे. लहान पिल्लांना कोपऱ्यात कोरडा पेंढा आणि दिवा. कोंडा कोरडा उधळू नका, भिजवून द्या. विक्रीच्या वजनाच्या डुकराला निदान १० चौरस फूट कोरडी जागा द्या.

"घटसर्पाची लस तर टोचली होती"

हे नेहमी ऐकतो. पावसाळ्याआधी टोचली जाणारी घटसर्पाची लस पाश्चुरेलाच्या ज्या प्रकाराविरुद्ध आहे तो घशाला सूज आणून झटकन मारतो. तिची गरज आहे, टोचत जा. पण हिवाळ्यातल्या न्यूमोनियात सापडणारा पाश्चुरेला बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा, त्यावर ती चालत नाही. मायकोप्लाझ्माची लस लहान वयात देतात. तिने खोकला आणि फुफ्फुसाचं नुकसान कमी होतं, जंतू मात्र शेडमधून जात नाही. शेड कायम भरलेली ठेवून नुसती लस टोचणं म्हणजे भोक तसंच ठेवून पाणी उपसणं.

जंतू पूर्ण घालवता येतो का? येतो. स्वित्झर्लंडने १९९६ ते २००४ या काळात जवळजवळ अख्खा देश मायकोप्लाझ्माच्या आजारातून मोकळा केला: दहा महिन्यांखालची सगळी डुकरं दोन आठवडे फार्मबाहेर, त्या काळात एकही वेत नाही, आणि उरलेल्यांना औषध. आपल्याकडे शेजारच्या वस्तीवर डुकरं असतील तर वाऱ्यावरून परत येण्याचा धोका राहतो, म्हणून मी ते एकट्या लहान शेडला सहसा सुचवत नाही.

अण्णांच्या शेडमध्ये पहिले दोन गट तसेच खोकले. तिसऱ्यापासून भिंतीवरचे आकडे उतरायला लागले. चौथ्या हिवाळ्यात तीन मिनिटांत एखाद-दुसरा खोकला, इंजेक्शनांचा खर्च निम्म्याहून कमी, आणि डुकरं साडेसात महिन्यांत नव्वदला. अजून एक कप्पा त्रास देतो, माद्यांच्या जागेला लागून आहे, मध्ये फक्त लोखंडी जाळी. नाकाला नाक लागतं. जाळी काढून तिथे भिंत घालायची ठरलंय. विटा येऊन पडल्यात, गवंडी संक्रांतीनंतर येतो म्हणालाय.